सुवर्णभूमीला जाऊ, पण कर्ज काढून नव्हे!

आमच्या लोकांच्या रजा कशात जातात, याचा हिशोब कुणी मांडला आहे काय? आम्ही एकदा मांडला. विहारात रविवारची वंदना आटोपून आम्ही पाच कुटुंबे चहाला बसलो होतो. गेल्या दहा वर्षांत कुणी किती रजा घेतल्या आणि कशासाठी घेतल्या, असा विषय निघाला. गावी वडिलांचे आजारपण, भावाचे लग्न, बहिणीचे बाळंतपण, कुणाचा जलदान विधी, जयंतीची तयारी, दीक्षाभूमीची वारी, ६ डिसेंबरला चैत्यभूमीवरची सेवा. यातले एकही काम टाळण्याजोगे नव्हते. परंतु "आम्ही घरची सगळी मिळून नुसती फिरायला गेलो आणि मजेत राहिलो," असे सांगणारा पाच घरांत एकही निघाला नाही.

तेव्हा आमच्यातील एक वहिनी म्हणाल्या, "मग एकदा जाऊ या की! आणि जायचेच तर बौद्ध देशात जाऊ. थायलंडला जाऊ."

पुरुष मंडळी हसली. ती का हसली हे बायकांनाही कळले. आपल्या कचेऱ्यांत, कारखान्यांत थायलंडचे नाव घेतले की लोक एकमेकांना टाळ्या देतात. पुरुषांनी टोळक्याने जाऊन रात्री घालवायचा देश, अशी त्या देशाची ओळख इथल्या लोकांनी करून ठेवली आहे. वहिनी मात्र हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "नव्वद टक्क्यांहून जास्त लोक बौद्ध असलेला देश आहे तो. तिथली पहाट भिक्खूंच्या भिक्षाटनाने उगवते. तुम्हाला त्या देशाचे एवढेच ठाऊक असेल, तर तो दोष त्या देशाचा नाही."

त्या दिवसापासून आम्ही पाच घरे थायलंडच्या सहलीची तयारी करीत आहोत. अजून विमानात पाय ठेवलेला नाही. येत्या जानेवारीत जायचे आहे. पण या तयारीतच इतके शिकायला मिळाले की ते वाचक बंधू-भगिनींपुढे ठेवावेसे वाटले.

थायलंडच का?

प्रथम आमच्या मनात ब्रह्मदेश होता. प. पू. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९५४ च्या डिसेंबरात रंगूनला जागतिक बौद्ध परिषदेसाठी गेले होते. ते शहर पाहावे, अशी आमच्यातील वडीलधाऱ्यांची इच्छा होती. परंतु म्यानमारमध्ये फेब्रुवारी २०२१ मध्ये लष्कराने सत्ता बळकावली आणि देश यादवीत सापडला. मार्च २०२५ मध्ये मोठा भूकंपही झाला. मुलाबाळांना घेऊन तिकडे जाणे शहाणपणाचे नव्हे.

थायलंडचा आणि आपला धागाही काही कमी नाही. जागतिक बौद्ध बंधुत्व संघाची स्थापना १९५० साली कोलंबोत झाली, त्या परिषदेला बाबासाहेब स्वतः हजर होते. त्या संघाचे मुख्य कार्यालय आज बँकॉकमध्ये आहे. २०२३ च्या जानेवारी-फेब्रुवारीत थायलंडचे शंभराहून अधिक भिक्खू परभणीहून चैत्यभूमीपर्यंत पायी चालत आले. ज्यांनी रस्त्याच्या कडेला उभे राहून त्यांना पाणी दिले, त्यांच्यापैकी काही जण आमच्या गटात आहेत. "ते आपल्याकडे चालत आले, आपण विमानाने तरी जाऊ," असे एक काका म्हणाले, ते खोटे नाही.

बँकॉकच्या मोठ्या विमानतळाचे नावच 'सुवर्णभूमी' आहे. थाई लोक त्याचा उच्चार 'सुवन्नभूम' असा करतात. सम्राट अशोकाच्या काळी पाटलीपुत्रात तिसरी धम्मसंगीती झाली. त्यानंतर सोण आणि उत्तर हे दोन थेर धम्मप्रसारासाठी सुवर्णभूमीला गेले, असे महावंसात सांगितले आहे. ती भूमी आपलीच, असे ब्रह्मदेशही म्हणतो आणि थायलंडही म्हणतो. आमच्या मुलांना शाळेच्या पुस्तकात अशोकाचा धडा आहे, पण हा भाग त्यांनी प्रथमच ऐकला.

हौस की धम्मयात्रा?

यावर मात्र वाद झाला. आमच्यातील एका ज्येष्ठांचे म्हणणे, जायचे तर धम्मयात्रा म्हणून जावे; समुद्रावर लोळायला पैसे घालवू नयेत. मुलांचे म्हणणे, आम्हाला समुद्र हवा. "मुंबईला समुद्र नाही काय?" असे विचारल्यावर आठवीतली मुलगी म्हणाली, "आहे ना. पण तिथे आई कधी आमच्याबरोबर आली?"

या प्रश्नाला कुणाकडेच उत्तर नव्हते. तिची आई सकाळी चार घरची पोळी-भाजी करते आणि दुपारी शिवणकाम घेते. बाबासाहेब मजूरमंत्री असताना त्यांनी कामगारांच्या कामाचे तास कमी करण्यासाठी आणि पगारी रजेसाठी झटून कायदे पुढे नेले. कशासाठी? माणूस म्हणजे केवळ राबणारे हात नव्हेत, म्हणूनच ना? मग आपल्या घरच्या बाईने दोन दिवस समुद्रकाठी बसून काहीही न करणे, हा वायफळपणा कसा? आम्ही ठरवले की चार रात्री बँकॉकला आणि दोन रात्री हुआ हिन या समुद्रकाठच्या गावी राहायचे. हुआ हिनला बँकॉकहून रेल्वेने जाता येते. तेथे थाई कुटुंबेच मुलाबाळांसह सुटीला येतात.

हिशोबाची वही

आम्ही वाणिज्य शाखेचे, तेव्हा वही आमच्याकडे आली. पहिला नियम असा की पतपेढीचे कर्ज, सावकाराचे पैसे, क्रेडिट कार्ड आणि भविष्य निर्वाह निधी यांपैकी कशालाही हात लावायचा नाही. फिरून आल्यावर तीन वर्षे हप्ते फेडायचे असतील, तर ती सुटी नव्हे. ती नवी वेठबिगारी. दुसरा नियम असा की आधी बचत, मग तिकीट.

आई-वडील आणि पंधरा वर्षांखालील दोन मुले अशा चौघांचा अंदाज आम्ही काढला. एक बाट म्हणजे तीन रुपये असा भाव धरला. प्रत्यक्षात तो थोडा खाली-वर होतो.

विमानाची येण्याजाण्याची चार तिकिटे, आधी काढल्यास, ८०,००० रुपये. सहा रात्रींची साधी, स्वच्छ खोली, रोजचे १,२०० बाट धरून २१,६०० रुपये. जेवणखाण तेवढेच, २१,६०० रुपये. राजवाडा व मोठ्या विहारांची प्रवेश तिकिटे माणशी १,००० बाट धरून १२,००० रुपये. रेल्वे, बस, होडी ९,००० रुपये. प्रवास विमा आणि तिथले फोनचे कार्ड ४,००० रुपये. पासपोर्ट मोठ्यांचा १,५०० आणि लहानांचा १,००० प्रमाणे ५,००० रुपये. अडीअडचणीला १२,८०० रुपये बाजूला. एकूण १,६६,००० रुपये.

आकडा ऐकून दोघी-तिघींनी तोंडाला पदर लावला. मग आम्ही तो आकडा ३० महिन्यांत विभागला. महिन्याला ५,५०० रुपये बँकेच्या आवर्ती ठेवीत टाकले की १,६५,००० होतात. उरलेले हजार व्याजातून सहज निघतात. महिना ५,५०० ही रक्कम लहान नाही. परंतु एका घराने दारू सोडली, एकाने वाढदिवसाचे हॉल बंद केले, एकाने नवी मोटारसायकल दोन वर्षे लांबवली. आपल्या समाजात एका रात्रीच्या हळदीला, डीजेला आणि मंडपाला किती पैसा जातो, हे वाचकांना आम्ही सांगायला नको. तो पैसा दुसऱ्या दिवशी सकाळी मंडपवाल्याच्या टेम्पोत बसून निघून जातो.

कंपनीकडून तयार सहल घेणाऱ्यांसाठी एक सूचना. परदेश सहलीच्या पॅकेजवर उगमाशी कर वसूल केला जातो. तो आपल्या पॅन क्रमांकावर जमा असतो. उत्पन्न करपात्र नसले तरी आयकर विवरणपत्र भरून तो परत मागता येतो. पुष्कळ लोक हे न कळल्याने पैसे सोडून देतात. पावती जपून ठेवा.

मावशींचे चौदाशे रुपये

आमच्या पाच कुटुंबांत एक मावशी आहेत. त्या विधवा आहेत आणि ठेकेदाराकडे सफाईचे काम करतात. पहाटे पाचला हातात झाडू असतो. घरात मुलगा, सून आणि नात. ५,५०० चा आकडा सांगितला तेव्हा त्या गप्प बसल्या आणि पुढच्या रविवारी आल्याच नाहीत. आमच्यापैकी दोघेजण घरी गेले. चौघांनी मिळून त्यांचा वाटा भरावा, असे आम्ही ठरवून गेलो होतो. मावशींनी साफ नकार दिला. "बाबासाहेबांनी भीक सोडायला सांगितली, आन् मी फिरायला भीक घेऊ व्हय?" असे म्हणाल्या.

आम्ही शरमिंदे होऊन परत आलो. मग रात्री वही पुन्हा उघडली. १,६६,००० चा चौथा हिस्सा ४१,५०० होतो. एकट्या माणसाला महिना १,४०० रुपये ३० महिने भरले तर ४२,००० होतात. खोली त्यांनी आमच्या आत्याबाईंबरोबर घेतली की झाले. मुलगा म्हणाला, "आई, आम्ही नंतर जाऊ. तू आधी जा." मावशी दोन दिवसांनी तयार झाल्या. त्यांनी एकही हप्ता चुकवलेला नाही. आमचाच एक चुकला होता.

तयार झाल्यावर त्यांनी एकच प्रश्न विचारला: "तिकडं झाडू कोन मारतं?"

गटातील कुणालाच सांगता येईना. राजवाडा किती साली बांधला हे आम्ही वाचले होते, मूर्ती किती टनांची आहे हे पाठ होते. रस्ता कोण झाडतो, हे कुणीच वाचले नव्हते. पुढे बँकॉकच्या बौद्ध विद्यापीठात शिकून आलेल्या एका भन्तेजींची भेट झाली, तेव्हा मावशींनी तोच प्रश्न त्यांना केला. भन्तेजी म्हणाले की विहाराचे अंगण भिक्खू आणि श्रामणेर स्वतः झाडतात. तो त्यांच्या दिनचर्येचाच भाग आहे. लांब दांड्याचा झाडू घेतलेला भिक्खू हे तिथले रोजचे दृश्य आहे. रस्ते झाडायला नगरपालिकेचे पगारी कामगार असतात. ते गरीब असतात, पण झाडणाऱ्याच्या पोटी जन्मला म्हणून त्याने झाडूच धरावा, असे तिथे कुणी म्हणत नाही. मात्र बांधकाम, मासळीचे कारखाने अशा ठिकाणची कष्टाची कामे पुष्कळदा ब्रह्मदेश, कंबोडिया, लाओसमधून आलेल्या मजुरांच्या वाट्याला येतात, हेही भन्तेजींनी लपवले नाही.

मावशींनी ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "मंग ते भन्ते झाडताना बगायचेत मला." आमच्या कार्यक्रमात पहिल्या दिवशी पहाटे विहारात जाण्याचे ठरले, ते त्यांच्यामुळे. तथागतांनी राजगृहाच्या रस्त्यावर झाडणाऱ्या सुनीताला संघात घेतले, ही गोष्ट बाबासाहेबांनी आपल्या ग्रंथात सांगितली आहे. मावशींना ती तोंडपाठ आहे.

कागदपत्रे वेळेवर

पासपोर्ट काढताना नावे तपासा. आधारवर एक, शाळेच्या दाखल्यावर दुसरे आणि बँकेत तिसरे, असे आपल्या पुष्कळ घरांत आहे. दुरुस्तीला महिने लागतात, म्हणून हे काम सर्वांत आधी. प्रवासाच्या दिवशी पासपोर्टची मुदत किमान सहा महिने शिल्लक असावी.

दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर 'ईसीआर' असा शेरा असतो. मावशींच्या पासपोर्टवर तो आला, तेव्हा कुणीतरी त्यांना घाबरवले की विमानतळावरून परत पाठवतील. तसे नाही. तो शेरा परदेशी नोकरीला जाणाऱ्यांसाठी आहे. सहलीला जाताना त्याची अडचण नसते. परतीचे तिकीट आणि राहण्याच्या जागेचा कागद हाताशी ठेवावा.

थायलंड सरकारने जुलै २०२४ मध्ये भारतीयांना व्हिसाशिवाय ६० दिवस राहण्याची सवलत दिली. असे नियम बदलत असतात, म्हणून तिकीट काढण्यापूर्वी थायलंडच्या वकिलातीकडून खात्री करून घ्यावी. १ मे २०२५ पासून तिथे उतरण्यापूर्वी तीन दिवसांत संगणकावर एक आगमनपत्र भरावे लागते. ते विनामूल्य आहे. त्यासाठी पैसे मागणारा ठकवतो आहे असे समजावे. सरकारी-निमसरकारी नोकरांनी परदेशी जाण्याची कार्यालयीन परवानगी आधीच घ्यावी.

आणि एक कळकळीची सूचना. "थायलंडला नोकरी आहे, टुरिस्ट म्हणून चल, पुढचे आम्ही पाहतो," असे सांगणारे दलाल आपल्या वस्त्यांत फिरतात. अशा रीतीने नेलेल्या तरुणांना सीमेपलीकडे म्यानमारमध्ये ऑनलाइन फसवणुकीच्या अड्ड्यांवर डांबले गेले. मार्च २०२५ मध्ये भारत सरकारला पाचशेहून अधिक जणांना हवाई दलाच्या विमानांनी परत आणावे लागले. सहल वेगळी आणि नोकरी वेगळी. घरात बेकार मुलगा असेल तर त्याला हे आजच सांगा.

काय पाहावे?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा तिथला त्यातल्या त्यात थंड, कोरडा काळ. मार्च ते मे कडक ऊन आणि पुढे ऑक्टोबरपर्यंत पाऊस. १३ ते १५ एप्रिल हा त्यांचा नववर्षाचा सण, सोंगक्रान. सारा देश एकमेकांवर पाणी उडवतो. आमची मुले म्हणाली, तेव्हाच जाऊ. पण १४ एप्रिलला आपल्याला कुठे जाता येते? म्हणून ६ डिसेंबरची सेवा आटोपून जानेवारी ठरवला. डिसेंबरअखेरपेक्षा तिकीटही स्वस्त मिळते.

थाई भाषेत विहाराला 'वाट' म्हणतात. बँकॉकमध्ये वाट फो येथे तथागतांची ४६ मीटर लांबीची महापरिनिर्वाण मुद्रेसारखी पहुडलेली मूर्ती आहे. तिच्या तळपायांवर शिंपल्यांच्या जडावाने १०८ मंगल चिन्हे काढली आहेत. तेथून होडीने नदी ओलांडली की वाट अरुण.

वाट त्राइमितमधील मूर्तीची गोष्ट मुलांना अवश्य सांगावी. ती मूर्ती कित्येक वर्षे साध्या चुन्याची समजली जात होती. १९५५ साली ती हलवताना गिलावा फुटला आणि आत साडेपाच टनांची सोन्याची मूर्ती निघाली. शत्रूच्या हाती लागू नये म्हणून पूर्वजांनी ती लिंपून ठेवली असावी, असे मानतात. आमच्यातील एक शिक्षिका म्हणाल्या, "आपल्या समाजाचेही असेच झाले." मुलांना पुढे काही समजावून सांगावे लागले नाही.

वाट साकेत येथे तीनशेहून अधिक पायऱ्या चढून सुवर्णपर्वतावर जाता येते. १८९८ साली आपल्या उत्तर प्रदेशातील पिप्राव्हा येथे स्तूप खणताना ज्या धातू सापडल्या, त्यांचा काही भाग तेव्हाच्या इंग्रज सरकारने सयामचे राजे चुलालोंगकोर्न यांना दिला. त्यातील धातू या पर्वतावर आहेत. म्हणजे आपल्याच भूमीतील ठेव्यापुढे आपण तिथे नतमस्तक होणार. २०२४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये भारताने बुद्धधातू आणि सारिपुत्त-मोग्गल्लान यांच्या धातू दर्शनासाठी थायलंडला पाठवल्या, तेव्हा चाळीस लाखांहून अधिक लोकांनी रांगा लावल्या होत्या.

एक दिवस अयुथ्यासाठी. बँकॉकहून साधारण ८० किलोमीटर. रेल्वेचा तिसरा वर्ग अगदी थोड्या बाटात नेतो. १३५० ते १७६७ एवढी वर्षे ही राजधानी होती. तिथे शिरच्छेद केलेल्या बुद्धमूर्तींच्या रांगा आहेत आणि झाडाच्या मुळांत अडकलेले तथागतांचे शांत मुख आहे. हे नगर जाळले ते ब्रह्मदेशाच्या सैन्याने. जाळणारेही बौद्ध आणि जळणारेही बौद्ध. धम्म नावाने घेतला आणि आचरणात उतरला नाही, तर काय होते, ते या विटा दाखवतात.

एक दिवस नाखोन पथोमसाठी. तिथला फ्रा पथोम चेदी हा सुमारे १२० मीटर उंच स्तूप जगातील सर्वांत उंच स्तूपांपैकी एक आहे. आमच्या भगिनींना मात्र त्याच जिल्ह्यातील एक लहान विहार पाहायचा आहे. थायलंडच्या संघाने १९२८ पासून भिक्खूंना स्त्रियांची प्रव्रज्या करण्यास मनाई केली आहे. तेव्हा पूर्वी विद्यापीठात प्राध्यापक असलेल्या एका विदुषीने २००३ साली श्रीलंकेत जाऊन उपसंपदा घेतली. त्या धम्मानंदा भिक्खुनी. त्यांच्या मातेने स्थापन केलेल्या विहारात भिक्खुनी राहतात. "महाप्रजापतीला जे मिळाले, ते आजच्या बाईला का नाही?" हा प्रश्न आपल्याही विहारांत विचारायला हवा.

डोळे उघडे ठेवून

बौद्ध देश म्हणजे सर्व काही आदर्श, असे समजून गेलो तर निराशा पदरी येईल. राजवाड्याजवळच्या वाट फ्रा केवमध्ये प्रसिद्ध हिरवी बुद्धमूर्ती आहे, आणि त्याच आवाराच्या भिंतींवर रामायणाची थाई कथा रंगवलेली आहे. अयुथ्या हे नाव अयोध्येवरून आले. आजचे राजघराणे स्वतःला 'राम' म्हणवते. घरोघरी, दुकानोदुकानी अंगणात भुताखेतांसाठी छोटे देव्हारे असतात. ब्रह्मदेवाला हार घालतात, ताईत गळ्यात बांधतात.

आपण २२ प्रतिज्ञा घेतलेली माणसे. आपण तिथे हात जोडायचे ते तथागतांपुढे आणि भिक्खू संघापुढे. पण त्यांच्या देशात जाऊन त्यांना नावे ठेवू नयेत. त्यांची वाट वेगळ्या इतिहासातून आली आहे, आपली १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरातून निघाली. मुलांनी विचारले तर खरे ते सांगावे. आपल्या घरांतही गंडेदोरे अजून पुरते गेलेले नाहीत, तेही सांगावे.

रीतीभाती थोडक्यात. विहारात खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत. पाय मूर्तीकडे करून बसू नये. कुणाच्या, लहान मुलाच्याही, डोक्याला हात लावू नये. स्त्रियांनी भिक्खूंना स्पर्श करू नये. दान पुढे ठेवावे. अयुथ्यातील झाडातल्या बुद्धमुखाबरोबर छायाचित्र काढताना खाली बसावे, आपले डोके वर येऊ देऊ नये. राजघराण्याविषयी उणा शब्द काढू नये. तिथल्या कायद्यात त्याला ३ ते १५ वर्षांची कैद आहे. आपल्याला चौकात स्पष्ट बोलायची सवय, म्हणून हे मुद्दाम लिहिले. २०२५ साली कंबोडियाच्या सीमेवर चकमकी झाल्या, तेव्हा त्या बाजूचे जिल्हे टाळावेत. राजवाड्याबाहेर "आज बंद आहे, चला दुसरीकडे नेतो" म्हणणाऱ्या रिक्षावाल्याचे ऐकू नये. तो रत्नांच्या दुकानात नेतो.

खाण्याची चिंता नको. भात, मासळी, चटणी हेच त्यांचे जेवण. सुकट-बोंबलावर वाढलेल्यांना त्यांच्या मासळीच्या पाण्याचा वास परका वाटणार नाही. शाकाहारी मंडळींनी मात्र विचारून खावे, कारण ते पाणी भाजीतही असते.

येताना काय आणावे?

पाचही घरांना बुद्धमूर्ती आणायची आहे. चौकशी केली तेव्हा कळले की मूर्ती देशाबाहेर नेण्यास तिथल्या ललित कला विभागाचा परवाना लागतो. म्हणून पाच घरांनी मिळून एकच मूर्ती, रीतसर परवान्याने, विहारासाठी आणायचे ठरले आहे.

हे ठरवताना वडीलधाऱ्यांनी एक आठवण सांगितली. बाबासाहेब १९५४ च्या डिसेंबरात रंगूनहून परतले. तिथून आणलेली बुद्धमूर्ती त्यांनी स्वतःच्या घरात ठेवली नाही. २५ डिसेंबर १९५४ रोजी देहूरोडच्या विहारात, कष्टकरी माणसांच्या वस्तीत, त्यांनी ती प्रतिष्ठापित केली. ज्यांना तिकडे जाणे शक्य नव्हते, त्यांच्यासाठी त्यांनी ती आणली होती.

ज्या वाचकांना महिना १,४०० रुपयेही बाजूला टाकता येत नाहीत, त्यांनी मन खट्टू करू नये. कान्हेरी, कार्ले, भाजे, अजिंठा ही आपली लेणी एसटीच्या आणि लोकलच्या तिकिटात आहेत. वर्षातून एक रजा मुलाबाळांसाठी ठेवा आणि तिथपासून सुरुवात करा.

आमचे १७ हप्ते झाले, १३ राहिले आहेत. परवा मावशींनी वहीत सतरावी सही केली आणि नातीला शेजारी बसवून सांगितले, "तिथं सकाळी भन्ते झाडायला लागले की मी फोटू काढून धाडीन. तू तो माझ्या मुकादमाला दाखव."

तो फोटो आला की याच पानावर छापण्यासाठी संपादकांकडे पाठवू.

जय भीम! नमो बुद्धाय!